बुद्धमूर्तीत बरगड्या कधी दिसतात?

प्रश्न
सारनाथच्या संग्रहालयातील धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्ती नुकतीच पाहिली. चुनारच्या वालुकाश्मातील ते पाचव्या शतकातील शरीर इतके नितळ आहे की, अंगावर चीवर (भिक्षूचे वस्त्र) असल्याचे केवळ त्याच्या काठांवरून कळते. लाहोर संग्रहालयातील सिक्री (प्राचीन गांधार, आजचा वायव्य पाकिस्तान) येथे सापडलेल्या उपोषणरत सिद्धार्थाच्या (मी छायाचित्रच पाहिले आहे) मात्र बरगड्या मोजता येतात, शिराही दिसतात. गांधार कलेवरील ग्रीक-रोमन प्रभाव एवढेच याचे कारण असेल का?

प्रतिसाद १
तेवढे पुरेसे वाटत नाही, कारण गांधारमधल्याच इतर बुद्धमूर्ती भरल्या अंगाच्या आहेत. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातील महासच्चक सुत्तात बुद्ध स्वतःच्या तपाचे वर्णन करतात: बरगड्या मोडकळीला आलेल्या छपराच्या वाशांसारख्या, डोळे खोल विहिरीच्या तळाशी चमकणाऱ्या पाण्यासारखे, पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाती यावा. सिक्रीची मूर्ती पाहताना हे शब्द आठवतातच.

प्रतिसाद २
नितळपणालाही ग्रंथाधार आहे. बुद्धाच्या देहावर असतात असे मानलेल्या महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत धूळ न चिकटणारी तलम त्वचा येते, तसेच दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही खांदे आणि मान ही सात स्थळे मांसल असावीत असेही सांगितले आहे. तेव्हा हाडे न दाखवणे म्हणजे शरीररचनेचे अज्ञान नव्हे. गुप्तकालीन अनेक मूर्तींच्या बोटांमध्ये जाळीसारखा पडदा असतो, तेही एक लक्षणच. बोटे तुटू नयेत म्हणून दगड राखला असेही म्हणतात, आणि मला दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतील असे वाटते.

प्रतिसाद ३
परंतु ग्रंथाधार असूनही शिल्पकार तो नेहमी पाळत नाहीत. महापरिनिब्बान सुत्तात ऐंशी वर्षांचे बुद्ध आपल्या देहाला पट्ट्यांनी आवळून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा देतात. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील सुमारे सात मीटर लांबीच्या महापरिनिर्वाण शिल्पात त्या गाडीचा मागमूसही नाही. उजव्या हातावर डोके टेकून पहुडलेल्या त्या देहावर एकही सुरकुती नाही. शोक आहे तो खालच्या ओळीत बसलेल्या शिष्यांच्या चेहऱ्यांवर. माझ्या मते क्षीण देह कोरला जातो तो बोधीपूर्वीचा, कारण तो मार्ग सिद्धार्थाने सोडून दिला. बोधीनंतरच्या देहाला वय लागत नाही.

प्रश्नकर्ता
हा भेद पटतो, पण एक अडचण राहते. सिक्रीच्या त्या अस्थिपंजर सिद्धार्थाच्या मस्तकामागे, अजून बोधी दूर असतानाही, पूर्ण प्रभामंडळ कोरलेले आहे.