मदत हवी आहे : मोंबासा, फोर्ट जीझस आणि सोबत आई

जानेवारीत केनियाला जातोय. नैरोबीहून रेल्वेने मोंबासा, तिथे तीन दिवस. कोणी जाऊन आलंय का?

मुख्य ओढ फोर्ट जीझसची. आम्ही वसईकर, त्यामुळे कारण जरा घरचंच आहे. पोर्तुगिजांनी १५९३ ते १५९६ मध्ये हा किल्ला बांधला. १६९६ मध्ये ओमानींनी वेढा घातला, तेव्हा गोव्याहून मदतीला गेलेलं 'सांतो आंतोनियो द ताना' हे जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. ते बांधलं होतं आमच्या वसईत, आणि नावातलं 'ताना' म्हणजे आपलं ठाणं! त्यातून वर काढलेल्या वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत म्हणे. त्या दालनाला किती वेळ ठेवावा? मला तासन्‌तास लागतील, आईला दहा मिनिटं.

आई सत्तरीची, गुडघे कुरकुरतात. किल्ल्यात पायऱ्या नि चढ कितपत आहेत? लागूनच असलेल्या ओल्ड टाउनमधल्या गल्ल्या, ते नक्षीचे लाकडी दरवाजे आणि सज्जे सकाळी पाहावेत की ऊन उतरल्यावर? दारात येणारे गाइड साधारण किती घेतात, की आधीच ठरवून जावं?

दुसरं, गेडे. जंगलात विसावलेलं प्रवाळदगडी स्वाहिली शहर, मोंबासाच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटर. आईला घेऊन मटाटूने (तिथली वडापसारखी मिनीबस) जाणं म्हणजे वेडेपणाच, त्यामुळे टॅक्सी करेन. पण एका दिवसात गेडे आणि मालिंदीचा वास्को द गामाचा स्तंभ दोन्ही उरकतील का?

आणि हो, आई शाकाहारी आहे. थेपले नेतोच आहे, पण तीन दिवस थेपलेच खायला घातले तर परत बोलणार नाही माझ्याशी.