दुखावलेल्या मनाची शपथ: मोडायची, फेडायची की सोडायची?

प्रश्न

आमच्या चर्चमधील प्रार्थनागटासाठी मी एक मराठी टिपण लिहीत आहे. ‘भावाच्या घरची पायरी चढणार नाही’, ‘पुन्हा कोणावर विश्वास टाकणार नाही’ अशी वाक्ये माणूस दुखावला असताना बोलून बसतो आणि पुढे तीच त्याला बांधून ठेवतात. त्यांना नवस म्हणावे की शपथ? आणि त्यांतून बाहेर पडण्याला काय म्हणावे? ‘शपथ मोडली’ असे लिहिले की वाचणाऱ्याला ते पापच वाटते.

उत्तर १

‘नवस’ टाळावा. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) इब्री म्हणजे हिब्रू भाषेतील ‘नेदेर’साठी नवस आणि ‘शेवुआ’साठी शपथ हे शब्द रूढ आहेत. त्यांपैकी नवस हा देवाला केलेला असतो. तो बोलतात आणि फेडतात. शास्त्रातील ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात नवस फेडण्यास विलंब लावू नये अशी ताकीद आहे, आणि ती ऐकून अनेक भाविक आपल्या रागातल्या शब्दांनाही तोच नियम लावून वर्षानुवर्षे अडकून पडतात, ही गल्लत मला फार क्लेशदायक वाटते. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेतील ११९१वे कलम तर नवसाची व्याख्याच अशी करते, की तो शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीविषयी देवाला विचारपूर्वक व स्वेच्छेने दिलेला शब्द असतो. सख्ख्या भावाशी अबोला धरणे ही अधिक चांगली गोष्ट कशी ठरेल?

‘शपथ’ मात्र चालेल, कारण शास्त्रातच तसे उदाहरण आहे. १ शमुवेल २५मध्ये नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाने अपमान केल्यावर दावीद ४०० माणसे घेऊन निघतो आणि उजाडेपर्यंत नाबालाच्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही, असे देवाचे नाव घेऊन म्हणतो. वाटेत नाबालाची बायको अबीगईल भाकरी, द्राक्षारस आणि मनुका घेऊन आडवी येते व विनाकारण रक्त सांडल्याचा सल पुढे मनात राहू नये म्हणून त्याला विनवते. दावीद परततो. शब्द खाली पडला म्हणून तो हळहळत नाही. आपल्याला आज आवरले म्हणून तो परमेश्वराचा धन्यवाद करतो.

आता क्रियापद. ‘मोडणे’ दोष लावते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. मराठीत ऋणको कर्ज फेडतो आणि धनको ते सोडतो. नवसात आपण देवाचे ऋणको असतो, म्हणून तो फेडायचा. दुखावल्यावर घेतलेल्या शपथेत आपण धनको होऊन बसलेलो असतो आणि समोरच्याकडे काहीतरी येणे आहे असे धरून चाललेलो असतो. म्हणून ती सोडायची. मत्तय ६:१२मध्ये ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असेच शब्द आहेत. तिथले ग्रीक क्रियापद ‘अफिएमी’ आहे. मत्तय ४:२०मध्ये शिष्य जाळी सोडून येशूच्या मागे जातात, तिथेही तेच क्रियापद आहे आणि मराठीनेही दोन्हीकडे ‘सोडणे’च ठेवले आहे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. परंतु ज्या बहिणीने मारहाणीमुळे घर सोडले, तिला ‘शपथ सोडा’ म्हटले तर ती काय समजेल?

उत्तर १

टिपणात हे स्पष्टच लिहावे. त्या घरी परत न जाणे हा तिचा निर्णय आहे, आणि तो तिने खुशाल कायम ठेवावा. सोडायचे आहे ते ‘आता मी कोणाचीच होणार नाही’ हे मनाशी बांधलेले वाक्य.

उत्तर २

बोलीतला एक प्रयोग सुचवतो: ‘शपथ सुटली’. लहान मुले शपथ घातली की लगेच ‘सुटली म्हण’ असा हट्ट धरतात. यात शपथ सोडवायला दुसरा माणूस लागतो, हे मला महत्त्वाचे वाटते. माझ्या आत्याने जमिनीच्या वाटणीवरून ‘या घरचे पाणी पिणार नाही’ अशी शपथ घेतली होती. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ती आली, पण पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. जेवताना बाटली संपली. वडिलांनी काही न बोलता तांब्या तिच्या पानाशी सरकवला. बराच वेळ तिने त्याला हात लावला नाही. मग पंच्याहत्तरीच्या त्या बाईने धाकट्या भावाला हळूच सांगितले, ‘सुटली म्हण.’ वडील ‘सुटली’ म्हणाले आणि तिने भांडे पुढे केले.