मदत हवी आहे: कांदा चाळीच्या प्रोजेक्टची चाचणी सहा आठवड्यांत कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला डिझाइनची तोंडओळख करून देणारा विषय आहे. चौघांनी मिळून एक खरी अडचण शोधायची, तिच्यावर काहीतरी बनवायचं आणि ते चालतं हे तपासून दाखवायचं. माझ्या मामांची निफाड तालुक्यात कांदा चाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) आहे, त्यामुळे आम्ही पहिल्याच दिवशी लिहून टाकलं: 'चाळीत आर्द्रतेचा सेन्सर बसवणे.' मॅडमनी कागद परत दिला. म्हणाल्या, "हे उत्तर झालं. अडचण कुठाय?"

तेव्हा राग आला. पण मग मामांकडे अख्खा दिवस थांबलो आणि नुसतं विचारत राहिलो. कांद्याचा थर चार-पाच फुटांचा, आणि सड लागते ती मधे. बाहेर वास येईपर्यंत शेजारचा मालही गेलेला असतो. मग कप्पाच्या कप्पा उपसून निवड करायची, त्याला मजूर लागतात. वास सगळ्यात आधी मामींना येतो, कारण पहाटे चाळीवरून गोठ्यात त्याच जातात. त्यांना काही विचारायचं हे आमच्या यादीतच नव्हतं! आता आमचं वाक्य असं आहे: 'सड कुठल्या कप्प्यात लागली ते वास बाहेर येण्याआधी कळावं.'

सेन्सरचंही सांगतो. साठवणीला ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली धरतात. आम्ही आणलेल्या डीएचटी ११ या सेन्सरमध्ये ५ टक्के इकडे-तिकडे चूक धरलेली असते. मग तो काय सांगणार? हे आम्ही विकत घेतल्यावर वाचलं. वेगवेगळ्या उपायांच्या तुलनेच्या तक्त्यातही आधी गुण देऊन मग निकषांना वजन (कुठला निकष किती महत्त्वाचा ते) दिलं होतं, म्हणून सेन्सरच पहिला आला. मामा-मामींकडून वजनं घेऊन तक्ता नव्याने केला, तर भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप पुढे गेला. थरात उभा ठेवायचा, वर टोपण. रोज टोपण काढून वास घ्यायचा.

अडचण अशी की उन्हाळ कांदा आत्ताच भरलाय, सडेल तो पावसाळ्यात. सादरीकरण सहा आठवड्यांवर आहे आणि मामांचा माल मुद्दाम खराब करणं शक्य नाही. चाचणी कशी घेऊ? आणि 'लवकर कळलं' हे मोजायचं कसं?

प्रतिसाद १

चाळ सोडा, तीन जाळीदार पिंप घ्या. दोघांत मधोमध चार-पाच ठेचलेले ओले कांदे, तिसऱ्यात सगळा चांगला माल. सडक्या दोघांपैकी एकात पाइप, आणि चांगल्यातही एक पाइप हवाच, नाहीतर खोटी सूचना किती वेळा मिळते ते कळणार नाही. रोज ठरलेल्या वेळी तिघांनी वास घ्यायचा. कुठल्या पिंपात काय आहे ते त्यांना सांगायचं नाही. पाइपमधून कितव्या दिवशी ओळखलं आणि बाहेरून कितव्या दिवशी, यातला फरक म्हणजे तुमचं मोजमाप. मामींना त्या तिघांत घ्या.

सेन्सर फेकू नका. हवाबंद डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवला की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. त्यात ठेवून तुमचा नग किती चुकतो ते बघा आणि अहवालात लिहा.

धागाकर्ता

खूप आभार दादा! चांगल्या मालात पाइप ठेवायचं सुचलंच नव्हतं. उद्याच पिंपं शोधतो. एकच विचारतो: भोकं गोल्टी (अगदी लहान कांदा) आत जाणार नाही इतकी लहान ठेवली, तर वास पुरेसा येईल का? की भोकं मोठी पाडून वरून जाळी गुंडाळू?