कोशात नसलेलं नाव ठेवावं का?

‘रेयांश कुठल्याही शब्दकोशात नाही, मग असलं नाव ठेवायचंच कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण कोशात नसणं हा मला दोष वाटत नाही. शिवांश, रुद्रांश यांच्या चालीवर ते घडलंय. ‘अंश’ आपला, ‘रे’ म्हणजे किरण हे मात्र इंग्रजीतून आलेलं दिसतं.

अमेरिकेतलं नेवेआ तर उघडउघड रचलेलं, इंग्रजी ‘हेवन’ (heaven) म्हणजे स्वर्ग, त्याची अक्षरं उलटी लावून. २००० साली सॉनी सँडोव्हल या गायकाने एमटीव्हीवर आपल्या मुलीचं हे नाव सांगितलं आणि २००१ मध्ये ते तिथल्या मुलींच्या नावांच्या यादीत थेट २६६व्या क्रमांकावर आलं. अर्थ होता, उच्चार गोड होता, आणि वर्गात दुसरी कुणी नेवेआ नव्हती.

हे शेवटचं कारण आपल्या सिंधुदुर्गात नीट कळतं. आजोबांचं नाव नातवाला, नाहीतर ग्रामदैवत रवळनाथावरून रवळू. एकाच वाडीत एकाच नावाचे तिघे-चौघे, मग ओळख पटवायला घराचं नाव किंवा टोपणनाव जोडायचं. ती नावं मला फार प्रिय आहेत, ती टिकावीत. तरी मुंबईतल्या चाकरमान्यांच्या लेकीसुनांना मुलासाठी कोरं नाव हवंसं वाटलं, तर त्यात गावाचा अपमान कसला?

खटकतं ते वेगळंच. नावांच्या साइटवर ‘रेयांश म्हणजे विष्णूचा अंश’ असं बिनदिक्कत छापतात आणि बारशाला तेच सांगितलं जातं. त्यापेक्षा ‘आम्हाला ऐकायला आवडलं’ असं सरळ सांगावं. आजीला ते अंगणातून मोठ्याने हाक मारता येतंय ना, एवढं मात्र आधी बघा.