डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयर मेकॅनिकल: एम-थ्री आणि थर्मो कसं पकडायचं? (नागपूर)

काटोलवाला_मेक

नमस्कार मंडळी. पॉलिटेक्निक करून यंदा डायरेक्ट सेकंड इयरला मेकॅनिकलला लागलो. कॉलेज नागपुरातच, हिंगणा रोडकडे. गाव काटोलजवळ, दहावीपर्यंत मराठी मीडियम. ॲडमिशनच्या राउंड संपता संपता सप्टेंबर उजाडला. वर्गात जाऊन बसलो तर एम-थ्रीत (गणिताचा तिसरा पेपर) लाप्लास ट्रान्सफॉर्म अर्धं होऊन गेलेलं अन् थर्मोत (थर्मोडायनॅमिक्स, उष्णतेचं शास्त्र) सर एन्ट्रॉपीवर पोचलेले. रेग्युलरच्या पोट्ट्यांचं एम-वन, एम-टू झालेलं आहे, आमचं नाही. सर म्हणतात "हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंच आहे" अन् पुढे निघतात. आम्ही सहा-सात डिप्लोमावाले मागच्या बाकावर एकमेकांकडे पाहून राहतो.

क्लास लावायचा तर एका विषयाचे जेवढे सांगतात तेवढे घरी मागायची सोय नाही. कापूस निघाल्याशिवाय बाबांजवळ पैशाचा विषय काढता येत नाही. मोबाईल आहे, रूममेटचा लॅपटॉप रात्री मिळतो. यूट्यूबवर शोधलं तर एवढं येतं की निवडण्यातच संध्याकाळ जाते. एका मित्रानं टेलिग्रामवर पीडीएफचा ढीग पाठवला, तो अजून उघडला नाही.

वर्कशॉप अन् ड्रॉइंग माझं चांगलं आहे. गणित दिसलं की मात्र हात थांबतो. कुठून सुरुवात करू? फुकट अन् खरोखर कामाचं काय आहे? लेक्चर इंग्रजीत असतात तं अर्धं डोक्यावरून जातं, त्याचं काय करता?

बॅकलॉग_बहाद्दर

भाऊ, पहिले युनिव्हर्सिटीचे मागचे पेपर काढ. तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. लाप्लासचा एक प्रश्न पक्का, फोरियरचा एक पक्का. पास होऊन जाशील. बाकी ज्ञान नंतर.

बुटीबोरी_मेंटेनन्स

काटोलवाल्या, मीही डिप्लोमावरूनच वर चढलेलो. आता बुटीबोरीत मेंटेनन्स पाहतो, दरवर्षी चार-दोन ट्रेनी पोरं माझ्याकडे येतात. त्यांच्यात काय असतं अन् काय नसतं ते रोज पाहून राहिलो, म्हणून जरा लांब लिहितो.

मागचे पेपर सोडवच, बहाद्दर बरोबर सांगतो. पण आज नको, पंधरवड्यानंतर. आत्ता पेपर उघडला तर उत्तरं पाठ करशील, अन् प्रश्नातला आकडा फिरला की पुन्हा हात थांबेल.

एम-थ्रीचं भय उगीच मोठं केलेलं आहे. लाप्लासला अख्खं एम-वन, एम-टू लागत नाही. लागतं काय? इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, वर्ग पूर्ण करणं अन् साधी डिफरन्शियल इक्वेशन. यातलं बहुतेक तुझ्या डिप्लोमाच्या गणितात होऊन गेलेलं आहे, गंज तेवढा चढला. जुनी वही गावाहून मागव. पार्शल फ्रॅक्शनची गणितं रोज सकाळी, मोबाईल हातात घ्यायच्या आधी. इनव्हर्स लाप्लासमध्ये पोरं अडतात ती लाप्लासमुळे नाही, खालचे फॅक्टर पाडता येत नाहीत म्हणून. पार्शल डिफरन्शिएशन तुला नवं आहे, ते पुढे पीडीईला (पार्शल डिफरन्शियल इक्वेशनला) लागेल, तेव्हा पाहू.

शिकायला एकच जागा धर. एमआयटीचं ओपनकोर्सवेअर २००१ मध्ये जाहीर झालं, त्यावरचं सगळं फुकट आहे. त्यात कोर्सच्या नंबरापुढे 'एससी' लिहिलेले कोर्स एकट्यानं शिकणाऱ्यासाठी मांडलेले असतात: छोटं लेक्चर, लगेच प्रश्न, मग सोडवलेलं उत्तर. डिफरन्शियल इक्वेशनचा १८.०३एससी, त्यातला फक्त लाप्लासचा भाग घे. इंग्रजी जड गेलं तर एनपीटीईएल ही लेक्चरची साइट आहे, आपल्याच आयआयटी अन् आयआयएससीच्या प्राध्यापकांचं. बोलणं आपल्या कानाला ओळखीचं लागतं. दोन्ही मात्र एकदम उघडू नको. अन् टेलिग्रामचा तो ढीग डिलीट कर. तो मोबाईलमध्ये आहे म्हणून अभ्यास झाल्यासारखं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

व्हिडिओ पाहताना सरांनी गणित फळ्यावर लिहिलं की थांबव. आधी तू सोडव, अडलास तरी अर्धं सोडव, मग पुढे चालव. माझ्या ट्रेनी पोरांनी व्हिडिओ ढीगभर पाहिलेले असतात, तरी हातात पेन दिला की सगळे गप्प.

आता थर्मो. इथं तू रेग्युलरवाल्यांच्या पुढे आहेस, तुला माहीत नाही एवढंच. व्हॉल्व्ह कुठं असतो, कॉम्प्रेसर गरम का होतो, हे तू हातानं पाहिलेलं आहे. आता त्याला आकडे लाव.

स्टीम टेबल घे, म्हणजे पाणी-वाफेच्या आकड्यांचा तक्ता. परीक्षेतही तेच हातात देतात, म्हणून ते बोटांना सरावलं पाहिजे. एचएफजीचा रकाना पाहा, म्हणजे पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता. १ बारला किलोमागे २,२५८ किलोज्यूल, १० बारला २,०१५, १०० बारला १,३१७. हे ग्राफ पेपरवर मांड. रेघ खाली खाली येत २२१ बारजवळ शून्याला टेकते. तो क्रिटिकल पॉइंट. आता कोराडीच्या वीज केंद्रात जा, निदान मनानं. तिथले ६६० मेगावॅटचे तीन संच सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे या रेघेच्या पलीकडे चालतात. तिथं उकळणं असा प्रकारच नाही, पाणी अन् वाफ वेगळं काढावं लागत नाही, म्हणून त्या बॉयलरला ड्रमच नसतो. ड्रम का नाही हे तुला त्या रकान्यातून सांगता आलं तर टी-एस (तापमान-एन्ट्रॉपी) डायग्राम पाठ करायची गरज उरत नाही.

दुसरं, तुझ्या रूमवर कूलर असेलच. नागपुरात राहून कूलर समजला नाही तर थर्मो शिकून काय फायदा, बाप्पा! दोन साधे थर्मामीटर आण. एकाच्या टोकाला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळ, फडक्याचं टोक पाण्याच्या पेल्यात सोड अन् दोन्ही टेबल फॅनसमोर धर. आकडा स्थिर झाला की वाच. मे महिन्यात कोरडा थर्मामीटर ४५ दाखवतो अन् आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा ओला २४ वर येतो. कूलर कितीही महागडा घे, हवा या २४ च्या खाली जाणार नाही. ताटी चांगली भिजलेली असेल तर या २१ अंशांच्या फरकातला पाऊण भाग मिळतो, म्हणजे कूलरमधून बाहेर पडणारी हवा २९ च्या जवळपास. जुलैत ३० अंश अन् ८५ टक्के आर्द्रता असली की ओला थर्मामीटर २८ वरच थांबतो. दोन अंशांत काय गार होणार? म्हणून पावसाळ्यात कूलर नुसता दमट वारा फेकतो अन् लोक मोटर खराब झाली म्हणून मेकॅनिक बोलावतात.

मग वहीत स्टेडी फ्लो एनर्जी इक्वेशन लिही. बाहेरून उष्णता नाही, पंख्याचं काम नगण्य, म्हणजे आत येणाऱ्या अन् बाहेर जाणाऱ्या हवेची एन्थाल्पी (सोप्या भाषेत, तिच्यासोबत वाहणारी ऊर्जा) जवळपास सारखी. तरी हवा थंड झाली कशी? किलोभर पाणी उडायला साधारण २,४०० किलोज्यूल लागले, ते हवेनंच दिले. आता सप्टेंबर आहे, आज मोजून ठेव. दिवाळीनंतर एकदा मोज, अन् एप्रिलमध्ये मोज. सायक्रोमेट्री (हवेतल्या ओलाव्याचं गणित) पुढच्या वर्षी वर्गात येईल तेव्हा तुझ्याजवळ तुझ्या खोलीचे आकडे असतील.

पिंक_टूलबॉक्स

काकांनी मस्त सांगितलं. मी थर्ड इयर इलेक्ट्रिकल, डीएसईच (डायरेक्ट सेकंड इयर), म्हणून फक्त इंग्रजीचं अन् लॅपटॉपचं बोलते.

लेक्चर ऐकायच्या आधी ट्रान्स्क्रिप्ट वाच. एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सचं मिळतं, काहींचं मराठीतही भाषांतर आहे. मराठी वाचून घ्यायचं अन् मग इंग्रजीत ऐकायचं, उलट नाही. पेपर इंग्रजीत लिहायचाय ना. मी वहीच्या मागच्या पानावर सरांची वाक्यं जशीच्या तशी उतरवायची, "हीट इज रिजेक्टेड टू द सराउंडिंग" अशी. थेअरीच्या उत्तरात तीच कामी आली.

सॉफ्टवेअरसाठी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघ. सायलॅब, पायथन वगैरेचे छोटे व्हिडिओ, बऱ्याच विषयांचा ऑडिओ मराठीत आहे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, ते करतात तसं करत जायचं. महागडं मॅटलॅब घ्यायची गरज नाही, सायलॅब किंवा ऑक्टेव्ह फुकट आहे. काकांनी सांगितलेला ग्राफ त्यात चार ओळींत निघतो, पण पहिला हातानंच काढ. फक्त मोबाईल असेल तर व्हर्च्युअल लॅब्ज आणि फेट (PhET) या साइटवरचे सिम्युलेशन बघ, फेटची बरीच मराठीत आहेत.

अन् एआयला गणित सोडवायला देऊ नको. आपण सोडवलेलं टाइप करून "चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग" म्हणायचं. स्टीम टेबलचे आकडे त्याला तर अजिबात विचारू नको, ठोकून देतो बिनधास्त.

एनपीटीईएलचा कोर्स शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेटच्या परीक्षेची तेवढी फी असते. असाइनमेंटचे २५ अन् परीक्षेचे ७५ टक्के धरतात. कॉलेज क्रेडिट देतं का ते विभागात विचारून घे, मगच फी भर. या सेममध्ये तर भरूच नको.

काटोलवाला_मेक

काका, ताई, खूप धन्यवाद. टेलिग्रामचा ढीग उडवला. जुनी वही गावाहून येणाऱ्या एसटीत पाठवायला सांगितली. काका, दोन शंका. थर्मामीटर लॅबमधून मिळणार नाही, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कुठला मागू? अन् मागच्या बाकावरचे बाकीचे पोट्टे म्हणतात की आपण सर्वांनी मिळून सरांना भेटावं. भेटून काही होते का?

बुटीबोरी_मेंटेनन्स

थर्मामीटर काचेचा माग, लाल अल्कोहोलचा, शून्य ते शंभरचा. सायन्सचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. दोन्ही एकाच कंपनीचे घे अन् दुकानातच शेजारी शेजारी धरून पाहा. दोघांत एखाद्या अंशाचा फरक असतो, तो लिहून ठेव, नाहीतर पुढे तोच फरक तुझ्या उत्तरात घुसेल. तापाचा थर्मामीटर घेऊन येऊ नको रे. आमच्या एका ट्रेनीनं आणला होता.

सरांना भेटा, पण "आम्हाला काही समजत नाही" म्हणून जाऊ नका. त्यावर ते "अभ्यास करा" एवढंच म्हणतील. एक कागद घेऊन जा, त्यावर तिघा-चौघांनी सोडवलेली अन् मध्येच अडलेली गणितं. नेमकं कुठल्या ओळीवर अडलो ते पेन्सिलनं गोल करा. शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल सुटल्यावर जा, त्या वेळी त्यांना घाई नसते. वही आली की पार्शल फ्रॅक्शनचं पहिलं न सुटलेलं गणित इथं टाक, पाहू.