१५ वर्षांचा मुलगा रात्री १ पर्यंत अभ्यास करतो, सकाळी सगळं विसरलेलं. झोपेमुळे होत असेल का?

चिमणपाखरू: रात्री एकला झोपतो आणि सकाळी ६ ला उठवायचं म्हणजे रोजची कटकट. टीचर म्हणतात पहिल्या दोन तासांना वर्गात असून नसल्यासारखा असतो. गणितात रीत बरोबर पण वरच्या ओळीत स्वतः लिहिलेला ७ खालच्या ओळीत १ होतो. रात्री विचारलं तर धडाधड उत्तरं देतो, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. लवकर झोप म्हटलं की म्हणतो झोपच येत नाही. घरचे आळशी म्हणतात, मला ते पटत नाही, जीव तुटतो त्याच्याकडे बघून.

सांजवात: ताई, आळशी अजिबात नाहीये तो आणि खोटंही बोलत नाहीये. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा वाढायला लागतं. म्हणजे दहाला आडवं केलं तरी डोळा लागत नाही आणि ६ ला उठवलं की त्याच्यासाठी ती अर्धी रात्रच असते. या वयात ८ ते १० तास झोप लागते हो, त्याला पाचच मिळतायत.

रातराणी७: विसरण्याबद्दल सांगते. दिवसा वाचलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं साठतं, आणि गाढ झोपेत मेंदू तेच पुन्हा पुन्हा चालवून पक्कं करतो, स्वप्नांची झोप तर जास्त करून पहाटेच्या बाजूला असते आणि पाच तासांत उठवलं की नेमकी तीच कापली जाते. म्हणून रात्री १२ नंतरचा तास अभ्यासात धरूच नका. ७ चा १ होणं हे लक्ष क्षणभर निसटल्याचं लक्षण वाटतं. आणि त्याला स्वतःला हे जाणवणारच नाही! २००३ मध्ये मोठ्या माणसांवरचा एक प्रयोग आला होता, दोन आठवडे रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोप दिली, लक्ष दिवसेंदिवस घसरत गेलं पण त्यांना मात्र वाटत होतं की आपण थोडेसेच पेंगुळलोय.

गणितवेडा: संध्याकाळी चहा-कॉफी घेतो का? सातला घेतलेल्या कॉफीतलं जवळपास अर्धं कॅफिन रात्री १२ ला अंगात असतं.

चिमणपाखरू: घेतो ना, जागता यावं म्हणून मीच करून देते 😟

गणितवेडा: मग पहिलं ते दुपारवर आणा. पण एकदम दहाला झोपवायला जाऊ नका, नुसता कूस बदलत पडेल आणि चिडेल. तीन-चार दिवसांनी १५-१५ मिनिटं अलीकडे आणा, फोन खोलीबाहेर, उठल्या उठल्या उजेडात न्या. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपू दे, दुपारपर्यंत नको, नाहीतर घड्याळ परत पुढे सरकतं.

सांजवात: माझं मत थोडं वेगळं आहे, सगळं घरावरच का टाकायचं? अमेरिकेतल्या सिएटलमध्ये २०१६ ला हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली तर मुलं उशिरा झोपायला न लागता साधारण अर्धा तास जास्त झोपायला लागली. चार-पाच पालक मिळून शाळेशी बोलाच.

चिमणपाखरू: पुढच्या पालकसभेत काढते विषय. तोवर दुपारी झोपला तर चालेल?

रातराणी७: चालेल की, पण २०-२५ मिनिटंच, गजर लावून आणि चारच्या आत.