'कॅलिब्रेशन ड्यू'ला मराठीत काय लिहायचं?

इंदिरानगरची अनुवादक
नमस्कार मंडळी. अणुवीज केंद्रात शटडाऊनच्या (देखभालीसाठी केंद्र बंद ठेवतात त्या वेळच्या) कामाला जे कंत्राटी कामगार येतात त्यांच्यासाठीची प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करतेय. बहुतेक जण दहावी-बारावी नाहीतर आयटीआय झालेले. रेडिएशन मोजायच्या मीटरवर एक स्टिकर असतो, त्यावर दोन तारखा, एक कॅलिब्रेशन (मीटर किती बरोबर दाखवतो याची तपासणी) झाल्याची आणि दुसरी 'ड्यू'ची. मी लिहिलं होतं 'पुढचं कॅलिब्रेशन या तारखेच्या आत', तर तपासणाऱ्यांनी ते खोडून 'अंशशोधन देय दिनांक' केलंय, वर शेरा की बोलभाषा नको. 'देय' म्हटलं की मला घरपट्टीचं बिल दिसतं. ही तारीख उलटली असेल तर मीटर वापरायचा नाही, परत द्यायचा, एवढं त्या माणसाला वाचल्या वाचल्या कळलं पाहिजे. कुणी सुचवेल का?

सातपूर टूलरूम
ताई आमच्याकडे सगळे कॅलिब्रेशनच म्हणतात. व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्लग गेज, सगळ्यांना स्टिकर असतो आणि ऑडिटच्या आधी क्वालिटीवाले येऊन सांगतात, ड्यू झालेले जमा करा. 'ड्यू झालं' म्हणजे मुदत संपली, दुसरा अर्थच कोणी घेत नाही. अंशशोधन हा शब्द मी आज पहिल्यांदा वाचला.

भगूरकर
पहिल्यांदा वाचला म्हणून शब्द टाकाऊ होत नाही ना भाऊ. महापौर, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हा तेही लोकांनी पहिल्यांदाच वाचले होते, आज कोणाला अडतात? तापमापीवर आपण अंश म्हणतोच, ते अंश शोधून शुद्ध करायचे म्हणजे अंशशोधन, उकल किती सरळ आहे. वापरलाच नाही तर रुळणार कसा. तपासणाऱ्यांचं बरोबर आहे.

गंगापूर रोड, निवृत्त
तारापूरच्या अणुवीज केंद्रात बरीच वर्षं हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे रेडिएशनपासून माणसांना जपणाऱ्या विभागात होतो. शब्दाच्या आधी काम काय असतं ते सांगतो. शिशाच्या जाड डब्यात सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाचा सोर्स, समोर रुळावर ट्रॉली आणि ट्रॉलीवर मीटर. अंतर दुप्पट केलं की मात्रा पावपट होते, त्यामुळे एकाच सोर्सवर ट्रॉली मागेपुढे करून कमीजास्त फील्ड मिळते, मग हिशोबाने किती यायला हवं आणि मीटर किती दाखवतो हे प्रत्येक रेंजवर बघायचं. नुसती खालची रेंज बघून भागत नाही, कारण काही जुने जीएम (गायगर-म्युलर) ट्यूबवाले मीटर जबरदस्त फील्डमध्ये नेले की गुदमरतात आणि काटा उलट खाली येतो, म्हणजे माणूस सगळ्यात धोक्याच्या जागी उभा आणि मीटर म्हणतो इथे काही नाही. शिवाय सोर्सही ३० वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे दर वेळी त्या तारखेचा आकडा काढावा लागतो.

आणि तारखांचं म्हणाल तर सगळे मीटर एकदम पाठवता येत नाहीत, प्लांट चालू असतो, राऊंडला मीटर लागतोच, म्हणून पाळ्या लावायच्या. शटडाऊनमध्ये माणसं वाढतात, मीटर जास्त लागतात आणि नेमके त्याच महिन्यात निम्मे ड्यू झाले तर काम अडतं, म्हणून मुदत शिल्लक असली तरी ते आधीच उरकायचं. मुदत ठेवायचीच का? तर पुढच्या वेळी मीटर चुकीचा निघाला की मागच्या कॅलिब्रेशनपासूनचं त्याचं प्रत्येक रीडिंग संशयात येतं, त्या रीडिंगवर कुणाकुणाला आत सोडलं ते शोधत बसावं लागतं. कामगाराला पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे, आत किती वेळ थांबायचं ते ह्याच मीटरच्या आकड्यावर ठरतं. तेव्हा स्टिकर सगळ्यात कमी शिकलेल्याला कळला पाहिजे. माझं मत 'मुदत'.

सराफ बाजार
काका छान सांगितलंत. पण मराठीत शब्द नाही असं का धरून चालायचं? आमच्या काट्याची दरवर्षी वैधमापनकडून पडताळणी होते, शिक्का बसतो. पडताळणी म्हणा, फेरपडताळणी म्हणा. त्याआधीचा शब्द पासंग. पारडी रिकामी असताना एक बाजू झुकली तर तो फरक म्हणजे पासंग, आजोबा सकाळी दुकान उघडलं की आधी पासंग बघायचे. 'पासंगालाही पुरत नाही' हे तिथलंच.

सातपूर टूलरूम
पासंग म्हणजे आपलं पासिंगच ना? काटा पासिंग करून आणला म्हणतात, गाडीचं पासिंग तसं.

भगूरकर
अजिबात नाही. पासंग फारसीतून आलाय, त्यातला संग म्हणजे दगड, संगमरवरातला तोच.

सराफ बाजार
म्हणजे फारसी चालतं आणि इंग्रजी नाही, हे कुठलं शुद्धीकरण? कॅलिब्रेशनच्या मुळाशी जो कॅलिबर शब्द आहे तो अरबी 'कालिब', म्हणजे साच्यावरून आला असं मानतात. मग तोही पासंगच्याच गावचा पाहुणा.

भगूरकर
पासंग शेकडो वर्षं बाजारात वापरून आपला झालाय, हा फरक आहे. आणि पडताळणीत शिक्का मारणारा फक्त बरोबर की चूक सांगतो, अंशशोधनात किती चूक तेही कळतं.

गंगापूर रोड, निवृत्त
हे मात्र खरं. मीटरला सर्टिफिकेटबरोबर करेक्शन फॅक्टर मिळतो, रीडिंगला त्याने गुणायचं. आणि पासंग म्हणजे झीरो एरर झाली, शून्यावरची चूक. मीटर शून्यावर बरोबर असून वरच्या रेंजला चुकू शकतो, त्यामुळे पासंग इथे पुरा पडत नाही.

इंदिरानगरची अनुवादक
कॅलिब्रेशनचं काय ते नंतर बघू, माझं अडलंय ते 'देय'पाशी. 'वापराची मुदत' लिहिलं तर तपासणारे म्हणतील मीटर त्या तारखेला बाद होतो असा अर्थ निघतो.

सातपूर टूलरूम
'या तारखेनंतर वापरू नका' एवढंच लिहा की, शब्दच नको.

भगूरकर
चौकोनात ते मावायला हवं ना. 'अंशशोधन मुदत' करा, दोघांचं राहील.

सराफ बाजार
ताई, 'फेरपडताळणी' एकदा त्यांना विचाराच. आणि काका, पासंग म्हणजे नुसती झीरो एरर म्हणालात, पण आमच्याकडे दांडी एका बाजूला लांब असली तर त्यालाही पासंगच म्हणायचे, आणि ती चूक वजनाबरोबर वाढत जाते.